तिसऱ्या खुणेची टेकडी

३ फेब्रुवारी
तांब्यासाठी नकाशावर केलेली माझी दुसरी खूणही वाया गेली. उपग्रहाच्या चित्रात लालसर पट्टा दिसत होता — वर लोह, खाली तांबं, असा माझा हिशेब. तिथे निघाला जुन्या वीटभट्टीचा चुरा. जागेवर गेलेल्या भूवैज्ञानिकाने फोटो पाठवला, विटांच्या ढिगावर उभा राहून. साहेब म्हणाले, "तिसरी हुकली तर विभाग बंद." विभाग म्हणजे काय, तर एक खोली, दोन स्क्रीन आणि मी.

५ फेब्रुवारी
आज दिवसभरात एकच शब्द बोलले. लिफ्टमध्ये. "पाचवा."

९ फेब्रुवारी
उत्तरेच्या टेकडीवर चिकणमातीचा डाग सापडलाय, बरोबर खडकातल्या दोन भेगा एकमेकींना छेदतात तिथे. खाली तांबं असलं की वर कधी कधी अशी माती होते. साध्या चित्रात काहीच नाही; डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत तेवढा उठून दिसतो. की सावलीच आहे?

शेवटी बाबांना फोन लावला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच — आठ महिने झाले. तीस वर्षं हातोडी घेऊन त्यांनी डोंगर पालथे घातले. माझं काम त्यांच्या लेखी 'खुर्चीत बसून गिर्यारोहण'. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "दगड हातात घेतल्याशिवाय मी मत देत नाही." मग म्हणाले, "जेवतेस ना वेळेवर?"
हो म्हटलं. खोटंच.
फोन ठेवताना टेकडी कुठली, ते मात्र त्यांनी नीट विचारून घेतलं.

१० फेब्रुवारी
खूण पाठवली.

१३ फेब्रुवारी
बाबांच्या शेजारच्या काकूंचा फोन. "अगं, किल्ली माझ्याकडे देऊन गेलेत. गुडघ्याला पट्टा, पाठीवर पिशवी. कुठे, ते काही सांगेनात."
त्यांचा फोन बंद. जेवण गेलं नाही.

१४ फेब्रुवारी
भूवैज्ञानिक फोनवर हसत होता. "तुझे वडील आलेत टेकडीवर. मला म्हणतात, हातोडी कशी धरतोस रे?"
फोन ठेवला आणि खूप रडले. का, कोण जाणे.

१६ फेब्रुवारी
तांबं नाही. नुसती पांढरी माती. महिनाअखेरीस खोली रिकामी करायची.
साहेबांच्या आधी बाबांचाच फोन आला होता. म्हणाले, "तीस वर्षांत मी दाखवलेल्या एकाही जागी खाण झाली नाही. तुझ्या आईलाच तेवढं ठाऊक होतं."
सकाळच्या पहिल्या गाडीने निघतेय त्यांच्याकडे.