लालला लाल

विश्रांतवाडी, पुणे
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. मैत्री,

सप्रेम जय भीम. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. थंडीने तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, आणि आई गुडघ्यापेक्षा जास्त. फोनवर तू "आईला द्या" एवढंच म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून लिहितोय. शेजारचा संपत उद्या गाडी घेऊन तिकडे येतोय, त्याच्या हाती देतो.

रविवारी विहारात मला रेल्वेच्या गमतीजमती सांगायला बोलावलं होतं. मंडळी चहा-बिस्किटांसाठी आली असावीत, पण बसली. मी बोरघाट सांगितला. पूर्वी चढावर एका जागी गाडी थांबायची, इंजिन मागच्या टोकाला जोडायचे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा घाट चढायची. १९२९ पर्यंत असं चाललं. हा घाट बांधणारा साहेब काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा कंत्राट त्याच्या विधवा बायकोने चालवलं. हाताखाली इंजिनिअर होते, पण नाव तिचं. हजारो मजूर पटकीने गेले, तेही सांगितलं. नाहीतर साहेब आणि मडमेनेच दगड फोडले असं लोकांना वाटायचं.

मग राधाकाकूंनी विचारलं, "अहो, आता बायका इंजिन चालवतात म्हणे, खरं का?" मी म्हणालो, "माझी मुलगी चालवते." मैत्री, तुला नोकरी लागून तीन वर्षं झाली आणि चारचौघांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. टाळ्या पडल्या. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आलो.

घरी आलो तर आईचा चेहरा उतरलेला. मग तिने तू फोनवर सांगितलेलं सगळं मला सांगितलं.

तुझ्या पायलटांनी, म्हणजे आमच्या वेळच्या ड्रायव्हरने, "हिरवा" म्हटलं. समोर सिग्नल लाल होता. तू "लाल" म्हणालीस, दोनदा, मोठ्याने. त्यांचा हात हलला नाही, तेव्हा तू आपल्या बाजूचा आणीबाणीचा ब्रेक ओढलास. मालगाडी सिग्नलच्या अलीकडे थांबली, पण मागे दोन डब्यांमधलं कपलिंग तुटलं आणि दोन तास लाइन बंद राहिली. आता शुक्रवारी चौकशी. पायलट म्हणतात, मी लालच म्हटलं होतं, पोरगी घाबरली. आणि लॉबीत हजेरीला येणारे सगळे सहकारी तुला समजावतायत की, "घाबरले" असं लिहून दे, नवीन आहेस, ताकीद देऊन सोडतील; त्यांना रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत, म्हाताऱ्याचं वाटोळं कशाला करतेस. आई म्हणाली, तू तसं लिहून द्यायच्या विचारात आहेस.

लिहू नकोस.

हे सांगायचा मला काय अधिकार, असं तू म्हणशील. तू या नोकरीचा फॉर्म भरलास तेव्हा मी घरात काय तमाशा केला, ते मी विसरलेलो नाही. इंजिनात संडास नसतो, बाईमाणसाचे हाल होतात, हिंजवडीत सावलीतली नोकरी बघ, असं म्हणालो. ते सगळं खरं होतं, पण कारण ते नव्हतं. कारण आजवर तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

१९८६ साली मी हिंमतरावांचा असिस्टंट होतो. इंजिन त्यांनीच मला शिकवलं, त्यांच्या डब्यातली भाकरी मी खाल्लेली. ड्रायव्हरने सिग्नल पुकारायचा आणि असिस्टंटने स्वतः बघून पुकारायचा, हा नियम तुला मी काय सांगू. पण मला सवय लागली होती त्यांच्यामागून म्हणायची. ते म्हणतील ते बरोबरच असणार. त्या दिवशी चौदा तासांची ड्यूटी झाली होती. ते म्हणाले, "हिरवा." मी समोर बघितलं. लाल होता. मला स्वच्छ दिसला. आणि मी म्हणालो, "हिरवा."

मालगाडी लाल ओलांडून दोन वाघिणींच्या लांबीइतकी पुढे गेली. पुढे लाइन मोकळी होती म्हणून कोणी मेलं नाही. चौकशीत मी सांगितलं, वळण होतं, माझ्या बाजूने सिग्नल दिसत नव्हता. हिंमतराव समोरच उभे होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि साहेबांना म्हणाले, "बरोबर आहे, पोराला दिसला नसेल." त्यांचं इंजिन गेलं. रिटायर होईपर्यंत त्यांनी शेडमध्ये बसून रजिस्टरं भरली. मी पुढे मेल चालवली, निष्कलंक सेवेची फ्रेम मिळाली, तुम्ही सगळ्यांनी फोटो काढले. त्यांच्याकडे जायचं धाडस मला कधीच झालं नाही. ते गेल्याचंही मला दुसऱ्याकडून कळलं.

तू त्याच सीटवर बसणार म्हटल्यावर मला हिंमतराव आठवले. वाटलं, पोरगी माझी आहे, वेळ आली की माझ्यासारखीच गप्प बसेल. तुला ओळखलं नाही मी. शेजारी तीस वर्षं नोकरी झालेला माणूस हिरवा म्हणत असताना तू लालला लाल म्हणालीस. माझ्या सबंध नोकरीत मला जे एकदाही जमलं नाही, ते तू तीन वर्षांत केलंस. अभिमान म्हणजे काय ते मला अडुसष्टाव्या वर्षी कळतंय, आणि लाजही सोबतच वाटतेय. दोन्ही राहू देत.

पायलटांचं वाईट होईल, हे खरं. त्यांच्याबद्दल राग धरू नकोस, दमलेला माणूस चुकतो. पण तू खोटं लिहिलंस तर उद्या तुझ्या जागी बसणारी मुलगी लाल बघून गप्प बसेल.

हे पत्र शुक्रवारी सोबत ने. कोणी विचारलं, असिस्टंटने एवढा आवाज कशाला चढवायचा, तर हे साहेबांपुढे ठेव. खुशाल वाचू देत. आईला मी आज संध्याकाळी सांगणार आहे, आणि ती फ्रेम भिंतीवरून काढून ठेवली आहे. खाली पूर्ण सही करतोय, म्हणजे नाकारायची सोय माझ्याकडेही राहणार नाही.

समोरचा सिग्नल दिसूनही हिरवा म्हणालेला,
आनंद भागुजी वाघमारे
निवृत्त लोको पायलट (मेल)
सहायक लोको पायलट मैत्री वाघमारे यांचे वडील