सकाय

प्रिय नलूताई,

साष्टांग नमस्कार आणि एक गंभीर तक्रार. मधूच्या गोळ्यांसाठी तू बर्डीच्या बाजारातून दोन स्टीलच्या डब्या आणल्यास आणि चिकटपट्टी लावून एकीवर 'सकाय' लिहिलंस, दुसरीवर 'संध्याकाय'. ळ हे अक्षर मराठीत आहे, शाळेत तुलाही शिकवलं असणार. तुझ्या या धाकट्या भावाच्या मित्राने तीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवावं आणि त्याच्याच डोळ्यांदेखत घरात असा मजकूर मिरवावा, हे शोभलं का तुला?

ही तक्रार मी तू असतानाही केली होती. आठवतं? ऑपरेशनला महिना झाला होता. तुझी किडनी मधूच्या पोटात जाऊन बसलेली, आणि तू ओट्याशी उभी, एक हात टाक्यांच्या जागी दाबून दुसऱ्याने आठवड्याच्या गोळ्या भरत होतीस. मी म्हणालो, "ताई, सकाय म्हणजे काय माहीत आहे? स अधिक काय. देहासकट. जो अजून शरीर धरून आहे तो."

तू वळूनही पाहिलं नाहीस. "मंग बरोबरच लिवलं ना गा. तुह्या मित्राले देहासकटच ठेवाचं हाय मले."

मधू पोट धरून हसला. मग दुखलं म्हणून कण्हला, आणि पुन्हा हसला. तो विनोद मी पुढे चार ठिकाणी सांगितला. बरा जमला होता, असं मला वाटायचं.

तू मला नेहमी फटकारायचीस, मग नेमकं त्या दिवशी का नाही फटकारलंस?

तुला जाऊन आठ महिने झाले. तुझं हृदय थांबलं त्याचा किडनी देण्याशी काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी तेव्हाच स्वच्छ सांगितलं. मधूने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला, तेव्हा मी म्हणालो, "बघ, ताईची काही इच्छा राहिली नाही." तो म्हणाला, "कावळ्याले काय समजते?"

तुझ्यामागे त्या घरात तो एकटाच. लग्नाच्या भानगडीत तो पडला नाही, आणि तुझे यजमान गेल्यावर तू माहेरी आलीस तेव्हा तुम्हा दोघांचंच घर झालं होतं. आता कळमन्याच्या बाजारातली त्याची संत्र्याची अडतही बंद. त्या गोळ्या अंगातली प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, म्हणून धूळ नको, गर्दी नको. दाबली नाही तर शरीर नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर उठतं. मधूचं शरीर तुला परकी समजणार! वैद्यकशास्त्राला नात्यांची जाण कमीच.

चार गाळ्यांपलीकडे ज्याचा आवाज जायचा, तो आता मास्क लावून खिडकीत बसतो. उजव्या कुशीच्या खाली हात ठेवून त्या हाताशी बोलतो. "ताई, पाणी पिऊन घेऊ का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. गेल्या महिन्यात निघताना मीही सवयीने "येतो ताई" म्हणून गेलो. म्हणताना नजर तुझ्या स्वयंपाकघराकडे जायला हवी होती. ती त्याच्या पोटाकडे गेली. आम्ही दोघंही हसलो नाही.

काल रविवार. तुझ्यामागे रविवारी डब्या मीच भरतो. 'संध्याकाय' रिकामी होती. 'सकाय' उघडली, तर मागच्या रविवारी भरलेल्या साऱ्या गोळ्या तशाच.

"मधू, हे काय?"

"अर्धं सोडून पाहून राहिलो."

"काहून?" अशा वेळी माझ्याही तोंडून नागपूरच निघतं.

"तूच तं सांगतलं होतं, सकाय म्हणजे देहासकट. बाकीची ताई जळली अन् हा एक तुकडा मह्या पोटात अडकला. मी गोळ्या खाऊन राहिलो तोवर तो जित्ता राहते. कशी जाईन ती? पुरतं सोडाची हिंमत नाही मले. अर्धी तरी सुटू दे तिले."

मी म्हणालो, "अरे, तिने नुसतं सकाळ लिहिलं होतं. अर्थ मी काढला. थट्टेत."

"तीस वर्षं पोरांले अर्थ सांगून राहिला," तो म्हणाला, "अन् मह्यापाशीच थट्टा केली?"



डॉक्टरांना फोन केला. ते मधूवर रागावले आणि बरंच माझ्यावरही. त्यांनी सांगितलेली गोळी त्याने माझ्यासमोर घेतली. आज सकाळी त्याने तपासणीला रक्त दिलं. रिपोर्ट उद्या.

मी सुवाच्य अक्षरात 'सकाळ' लिहून नवी पट्टीही नेली होती. लावायला गेलो, तर मधूने डबीवर हात ठेवला. "राहू दे. तिचं अक्षर हाय." म्हणून तुझी पट्टी जागेवर आहे आणि माझी तक्रार मी मागे घेत आहे.

एक मात्र माझ्या लक्षात आलं. पाणी पिऊ का, हे तो तुला विचारतो. गोळी सोडू का, हे त्याने तुला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, हे त्यालाही ठाऊक आहे.

तेव्हा वचन देतो. कॉलेजातला पहिला तास मी सोडला आहे. उद्यापासून रोज सकाळी आठला मी मधूसमोर बसेन आणि त्याने गोळी गिळेपर्यंत हलणार नाही. त्या घरात पुन्हा कुठल्याही शब्दाचा अर्थ सांगणार नाही.

पण ताई, मला उद्याची भीती वाटते. रिपोर्ट वाईट आला, तर मधूही जाईल, आणि तो माझ्या एका विनोदाने गेलेला असेल.

तुझा,
श्रीधर