पाय आधी जातो

११ फेब्रुवारी

चिंगीचा पाय मोडला. मी मोडला.

लिहिलं एकदाचं. आता हे पान फाडायचं नाही.

सकाळी पलंगावर तिचा लंगोट बदलत होते. हे आंघोळीला गेलेले. दुसरा लंगोट घ्यायला कपाटाकडे वळले – वळले म्हणजे काय, नुसती मान! – तेवढ्यात ही पालथी झाली. पालथी व्हायला आत्ताच शिकली आहे. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सरकत कडेला आली, घसरली. मला दिसली. मला सगळं दिसतं, माझं कामच ते. आणि माझा हात गेला नाही. पाय गेला. डावा. आडवा, वर, सगळ्या जोरानं. कोपऱ्यातून मारलेल्या बॉलला जातो तसा. नडगीवर आदळली आणि उडून कपाटाला लागली.

आधी रडलीच नाही. मग रडली.

हे धावत आले, अंगावर साबण तसाच. "काय केलंस गं!" मग तिला हातात घेऊन फिरवायला लागले. "काही नाही, काही नाही. सूज आहे. उद्यापर्यंत उतरेल." मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखाना. टॅक्सीत म्हणाले, "पलंगावरून पडली म्हण. बास. जास्त बोलायचं नाही."

डॉक्टरांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं – माझा पाय लागला.

ह्यांनी डोळे मिटून घेतले.

१२ फेब्रुवारी

कमरेपासून पार पावलापर्यंत प्लास्टर. सहा महिन्यांची पोर आणि अंगापेक्षा प्लास्टर जड. झोपेत हुंदके देते.

दवाखान्यानं कळवलं म्हणून बालकल्याणच्या मॅडम आल्या. पांढरे केस, आवाज मऊ, पण नजर हलत नाही. झोप होते का? राग येतो का? बाळ रडलं की काय करता? मग म्हणाल्या, "अहो, पडणाऱ्या लेकराला आईचा हात जातो."

म्हटलं, "माझा पाय जातो."

"म्हणजे?"

"मी गोलकीपर आहे. हँडबॉलची."

"फुटबॉल?"

"नाही, हँडबॉल. हातानं खेळतात."

"हातानं खेळतात, मग पाय कसा गेला?"

मला हसूच फुटलं. अशा वेळी! मॅडमनी ते हसू पण बघितलं.

१३ फेब्रुवारी

झोप नाही. तर मग लिहितेच.

सातवीत शाळा सुटली. उंच होते, लांब हातापायांची. हँडबॉल शिकवणारे सर आमच्या शाळेच्या मैदानावर आले आणि मला उचलून घेऊन गेले, हॉस्टेलला. तेव्हापासून एकच सर, एकच शिकवण – झेलायचं नाही! कुठल्याही नव्या पोरीचे हात बॉल पकडायलाच जातात. सर ओरडायचे, "तो काय आंबा पडतोय का झाडावरून? झेलायला जाशील तर बोटं हातात येतील." सहा मीटरवरून, उडी मारून, तोंडासमोर येऊन मारतात. झेलायला वेळच नसतो. अंग उघडायचं. हात उघडे, पाय उघडे, दार लावल्यासारखं उभं राहायचं. आणि पाय आधी. सर पाठीमागून फेकायचे, बाजूनं फेकायचे, जेवताना चेंडू फेकायचे. ताटात भात आणि माझा पाय टेबलावर! सगळ्या पोरी हसायच्या.

झेलायची सवय मोडायला दोन वर्षं लागली. सर म्हणाले, "आता झालीस कीपर."

त्याच्यावरच सगळं आलं. देशाची टीम, क्लब, हे घर, माझे मोठे मोठे फोटो हॉलच्या भिंतीवर. चिंगी झाल्यावर चार महिन्यांत परत गोलमध्ये उभी राहिले. छातीतून दूध यायचं, जर्सीखाली फडकं बांधून खेळले. पेपरात आलं, वाघीण म्हणून.

वाघीण! पोटच्या पोरीला लाथ मारली वाघिणीनं.

१५ फेब्रुवारी

मॅडम आमच्या प्रॅक्टिसच्या हॉलवर आल्या. मीच या म्हटलं होतं. वाटलं, एकदा बघतील तर कळेल.

लंबूला बोलावलं. लंबू म्हणजे आमची दुसरी कीपर, एकोणीस वर्षांची, माझ्या जागेवर डोळा ठेवून बाकावर बसते आणि मला ताई ताई करते. तिनं आणि बाकीच्यांनी मारले बॉल. मी अडवले. मॅडम साइडला पर्स मांडीवर धरून बसलेल्या. बॉल खांबाला लागला की दचकायच्या.

मग प्रॅक्टिस थांबवून मी त्यांच्याशी बोलत उभी होते. सर मागून आले आणि काही न सांगता पाण्याची बाटली फेकली माझ्यावर. माझा पाय गेला. बाटली पार गॅलरीत.

सर म्हणाले, "बघितलंत? ही हिच्या हातात नाही गोष्ट."

मॅडम म्हणाल्या, "बघितलं."

मला इतकं हलकं वाटलं! त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे मला पटलं. तसं मी लिहीन." मी रडायलाच लागले. मग म्हणाल्या, "पण तुमच्या हातात नाही म्हणता ना? मग उद्या परत होईल. बाळ तुमच्याजवळ एकटं ठेवता येणार नाही. वडील समोर असतील तेव्हाच घ्यायचं. महिनाअखेरीला परत बघू, मग ठरवू बाळ या घरात ठेवायचं की नाही."

माझ्याच तोंडानं, माझ्याच पायानं सिद्ध केलं.

१६ फेब्रुवारी

चिंगीला घेतलं नाही.

१७ फेब्रुवारी

आजही नाही. हे समोर असताना घेता येतं, तरी नाही. हातच पुढे होत नाहीत. ती बघते माझ्याकडे. प्लास्टरबाहेर राहिलेला पाय हलवते. मी लांबून बोलते तिच्याशी, काचेतून बोलल्यासारखी.

ह्यांचं बरं आहे, ह्यांना सगळं येतं. नोकरी सोडून बाळापाशी राहिले तेव्हापासून तेच करतात – दूध, लंगोट, मालिश. खालच्या मजल्यावरचे ह्यांना "काय आईसाहेब" म्हणतात. हे हसतात आणि वर आले की दार आपटतात.

आज म्हणाले, "तू तुझा खेळ बघ. घरातलं मी बघतो. मॅडम पण तेच म्हणाल्या ना?"

१८ फेब्रुवारी

आईचा फोन. रडेल वाटलं होतं. म्हणाली, "एवढे बॉल अडवलेस गं, एक पोर झेलता आली नाही?"

फोन ठेवला मी. मग परत लावला. ती पण रडत होती.

१९ फेब्रुवारी

ठरवलं. झेलायला शिकायचं. जी सवय दोन वर्षांत मोडली ती दहा दिवसांत परत लावायची. महिनाअखेरीला मॅडमना दाखवायचं – बघा, हात जातो!

हॉल रिकामा झाल्यावर लंबूला थांबवलं. पायमोज्यांचे गोळे केले. म्हटलं, फेक, न सांगता फेक.

"ताई, तू झेलणार? ताप आलाय का तुला?"

"फेक गं मुकाट्यानं."

पहिला गोळा – पाय. दुसरा – पाय. लंबू पोट धरून हसली. मग तिनं माझं तोंड बघितलं. माझे दोन्ही पाय तिच्या ओढणीनं एकत्र बांधले तिनं. तेव्हा हात गेले. पाय बांधल्यावर!

२१ फेब्रुवारी

आज पाय मोकळे ठेवून झेलले. सगळे नाही, पण पुष्कळ. छातीशी घट्ट धरला एक गोळा आणि सोडवेना. लंबू म्हणाली, "दे की ताई, मोजा आहे तो."

निघताना म्हणाली, "रविवारी सेमीफायनल आहे. असं करू नको तिथं." तिला काय, मी वाईट खेळले तर तिचंच भलं. तरी म्हणाली.

२३ फेब्रुवारी, रविवार

हरलो.

काय झालं ते मलाच माहीत. पहिलाच बॉल, उजव्या कोपऱ्यातून, रोजचा, डोळे मिटून अडवते असा. पाय निघाला आणि मी त्याला थांबवलं. म्हटलं, हात! हात गेले तोवर बॉल जाळ्यात. दुसरा तसाच. तिसऱ्याला करंगळी उलटी झाली. पाय निघतोय, मी थांबवतेय – आपल्याच अंगाशी भांडत उभी! लोक ओरडत होते, म्हातारी झाली, बाहेर काढा. सव्वीस वर्षांची आहे मी.

सरांनी बाहेर काढलं. लंबू आत गेली. माझ्याजवळून जाताना डोळ्याला डोळा दिला नाही तिनं.

ड्रेसिंग रूममध्ये सर समोर बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. म्हणाले, "झेलायला गेलीस."

"हो."

"पोरीसाठी?"

"हो."

"दोन्ही नाही व्हायचं, बाळा. या अंगात दोन कीपर मावत नाहीत. खेळ सोडणार असशील तर मला आत्ता सांग. पुढच्या वर्षीचा करार मी अडवून धरतो, पण किती दिवस धरू?"

 मी करंगळी बर्फात घालून बसले.

२४ फेब्रुवारी

ह्यांनी मॅच टीव्हीवर बघितली होती. "मुद्दाम केलंस? मी नोकरी सोडली तुझ्यासाठी. दिवसभर हे रडं ऐकतो, तुझ्यासाठी. आणि तू तिथं झेलाझेली खेळतेस?" भांडं फेकलं मोरीत. चिंगी दचकली. मग माझ्यापाशी येऊन बसले, केसांवरून हात फिरवला. "दमलोय गं मी. चुकलं."

त्यांचं काय चुकलं? सगळं तर माझ्यामुळे.

रात्रभर विचार करतेय. खेळ सोडला तर मला काय येतं? सही करता येते आणि बॉल अडवता येतो. खेळ धरला तर हा पाय असाच राहणार, आणि या पायाच्या घरात चिंगीला ठेवणार नाहीत. आणि ठेवलं तरी मी कधी तिच्याजवळ जाणार? ती चालायला लागेल, पडेल. सारखी पडेल!

पाय तोडून टाकावा वाटतं. खरंच वाटतं.

२५ फेब्रुवारी

सरांना फोन केला. म्हटलं, लंबूला घ्या. मी सोडते.

 सर म्हणाले, "जेवलीस का?"

२६ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. उद्या प्लास्टर तपासायला जायचंच आहे, तर चिंगीच्या सगळ्या अंगाचे एक्स-रे काढा म्हणाल्या. अशा केसमध्ये काढतात. पहिल्या दिवशी नुसत्या पायाचा काढला होता.

म्हणजे त्यांना वाटतं मी आणखी काही केलं असेल. लाज वाटली. पण काढू देत. माझ्याकडे लपवायला काय आहे? जे केलं ते मीच सांगितलं.

हे चिडले. "एवढ्याशा जिवाला किती मशिनीत घालायचं? मी नाही नेऊ देणार." मी म्हटलं, नाही म्हटलं तर आपल्यावरच येईल, माझ्यावर येईल.  मग हे जेवले नाहीत.

२७ फेब्रुवारी

नर्सनं न विचारता चिंगीला माझ्या मांडीवर ठेवलं. प्लास्टरसकट. मी तशीच बसून राहिले, हलायची भीती.

मॅडम आणि हे समोरच बसलेले. डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला. पाय नीट भरतोय म्हणाले. मग बोट वर नेलं. बरगड्या. दोन मोडलेल्या, आपोआप सांधत आलेल्या, गाठी धरलेल्या. म्हणाले, "ह्या पायाच्या वेळच्या नाहीत. आधीच्या आहेत. जानेवारीतल्या. कुणीतरी दोन्ही हातांनी घट्ट आवळलंय बाळाला."

जानेवारीभर मी देशाच्या कॅम्पला होते. दुसऱ्या शहरात. चिंगी ह्यांच्याजवळ होती.

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. ह्यांच्याकडे बघत होत्या.

हे उठले. हात पुढे केले. "दे इकडे. तुला नाही जमायचं."

दिली नाही.