मान तुटलेली गिटार विकणे आहे

सोमवार, ३ मार्च २०२५

गिटार विकायची! निर्णय मंदाचा, अंमलबजावणी अर्थातच माझी. पुढच्या आठवड्यात रंगारी येणार, त्याआधी माळा रिकामा हवा. सुरुचीला फोन करून विचारलं म्हणे, तर "काय करायचं ते करा" म्हणाली. आमची लेक कात्रजला राहते, एका बसच्या अंतरावर. पण बोलते ती आईशी. माझ्या वाट्याला "बाबांना सांग" एवढंच.

सोसायटीचे लोक होळीसाठी लाकडं मागून गेले. मंदा म्हणाली, "तेरा तारखेपर्यंत नाही खपली तर होळीत देऊन टाकू." जसं काही जुनं स्टूलच!

दुपारभर बसून जाहिरात लिहिली — "गिटार विकणे आहे. मान तुटली आहे. पोटाला तडा आहे. तारांची पट्टी उचकटली आहे. वाजत नाही. दुपारी एक ते चार फोन करू नये." शेजारच्या अवधूतने ती मोबाइलवर चढवून दिली. "काका, इतकं खरं कोणी लिहितं का?" म्हणाला. म्हटलं, छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय, खोटं लिहायला जमायचं नाही.

मंगळवार, ४ मार्च

सतरा निरोप. सतराही जणांचा प्रश्न एकच — "अव्हेलेबल आहे का?" अरे, जाहिरात दिली म्हणजे आहेच ना! शोभेला दिली का?

चेतन नावाच्या गृहस्थांनी बरोब्बर दोन वाजता फोन केला. "वाजते का?" वाजत नाही, असं लिहिलं आहे. "थोडीपण नाही?"

गुरुवार, ६ मार्च

चेतन येऊन गेला. पाऊण तास फोटो काढले. वर चहा घेतला. जाता जाता विचारतो, "पण तुटली कशी?"

"तुटली."

"म्हणजे पडली का?"

"तुटली म्हटलं ना!"

गेला. स्वयंपाकघरात मंदाची भांडी जरा जास्तच वाजली.

शनिवार, ८ मार्च

जोडून विकावी म्हणून बुधवार पेठेत घेऊन गेलो. रंगराव नावाचे कारागीर आहेत, वाद्यं दुरुस्त करतात. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी गिटार उलटीपालटी केली, आत बॅटरी मारून पाहिलं. मग म्हणाले, "सर, ही पडलेली नाही. पडली असती तर टोक चेचलं असतं. मान धरून कुणीतरी आपटलीय."

म्हटलं, "असेल."

"जोडता येईल. सांधा मात्र दिसणार."

नंतर बघू म्हणून उठलो. येताना रिक्षावाल्याशी उगाच भांडलो. त्याचं काही चुकलं नव्हतं.

रविवार, ९ मार्च

आज जे झालं ते लिहायलाच हवं.

मांजरी गावाहून विक्रम म्हणून एक जण आले होते. साधा माणूस, उसाची शेती. मुलीला गिटार शिकायची आहे. "लाकूड बरं हाय की," म्हणाले. "आमच्याकडं एक सुतार हाय, तो बशिवल. कुणाची म्हनायची ही?"

"आमच्या मुलीची."

"मग तिनंच पाडली असंल. पोरी लई धांदरट, सर!"

आणि मी मान हलवली. हो म्हणून!

मंदा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. ते गृहस्थ "कळवतो" म्हणून गेल्यावर तिने ट्रे खाली ठेवला. "अहो, निदान तिच्यावर तरी ढकलू नका." बस्, एवढंच.

१७ फेब्रुवारी २०१९. सुरुचीची बँकेची परीक्षा होती. ती परीक्षेला न जाता कुठल्याशा कार्यक्रमात गिटार वाजवून आली. हसत आली होती. मी तिच्या हातातून गिटार ओढली आणि दिवाणाच्या कडेवर आपटली. दोनदा. महिन्याभरात तिने घर सोडलं.

सहा वर्षं या घरात गिटार "तुटली" आहे. वर्गात मी ओरडायचो — "तुटली" आणि "तोडली" यांत फरक आहे, तोडली कोणी ते लिहा, नाहीतर गुण कापीन! स्वतः मात्र सहा वर्षं कर्ता गाळून वाक्यं करतोय. लाज वाटते.

मंगळवार, ११ मार्च

जाहिरात दुरुस्त केली. सुरुवात आता अशी — "माझ्या मुलीची गिटार विकणे आहे. गिटारची मान मी रागाच्या भरात आपटून तोडली. मुलीची काही चूक नव्हती."

अवधूतने वाचली. लगेच चढवली.

मंदाने माझ्यासमोरच मोबाइल काढून ती सुरुचीला पाठवली. मला विचारलं नाही. मीही अडवलं नाही.

चेतनचा निरोप — "लास्ट प्राइस?" या माणसाला देवाने डोळे कशाला दिलेत!

बुधवार, १२ मार्च

सुरुचीचं काही नाही. मंदाला चारदा विचारलं. पाचव्यांदा म्हणाली, "तिलाच विचारा की." धीर झाला नाही.

लाकडं न्यायला उद्या सकाळी येणार आहेत. गिटार पुसून दिवाणावर ठेवली. मला ती होळीत द्यायची नाहीये.

गुरुवार, १३ मार्च. होळी

सकाळी सात वाजता फोन. माझ्या फोनवर! "बाबा, 'माझ्या मुलीची गिटार' असं लिहिलंय तुम्ही. मग ती विकणारे तुम्ही कोण? पुरणपोळीला येतेय. आई सांगत होती त्या रंगरावांचा पत्ता काढून ठेवा."

होळीला स्टूल दिलं. चेतनला कळवलं — अव्हेलेबल नाही.