ओटीची भिंत

कडाव,
५ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तूही साजगावला बरा असशील. हळवं भात पिवळं पडलं, गरवं अजून हिरवंच आहे. परवाच्या पावसाने खालच्या खाचरातलं थोडं आडवं झालं. गाय व्याली, कालवड झाली. वहिनी बरी आहे. आई बरी आहे. हल्ली ती मागच्या दारी बसते, तिथं वारा लागतो म्हणते.

मला बघून गेलेल्या कमलेशच्या घरच्यांना काय कळवायचं, हे तू फोनवर विचारतोस आणि मी विषय बदलते. आज त्याचंच उत्तर द्यायला बसले आहे. पण फोनवर तू लगेच ‘कामाचं बोल’ म्हणतोस, आणि मला आधी बिनकामाचं बोलायचं आहे. म्हणून पत्र. आपला साईनाथ टेंपो घेऊन तिकडे येतोय, त्याच्याकडे देते. तो म्हणाला, “काय गं, घरातल्या घरात कोर्टाची नोटीस?”

मध्येच उठले होते. वाळत घातलेली मिरची आत आणली, परत बाहेर ठेवली. आज एका जागी बसवतच नाही.

तुझ्या हिरूबद्दल लिहायचं आहे. तिने चित्रं काढायचं सोडलं आहे. साईनाथच्या लग्नापासून. वहिनी तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

तेव्हा ऐन सीझनमध्ये पेंटर आला नाही, आणि ‘हिरूच काढेल, तिचा हात चांगला आहे’ असं तूच म्हणालास, आठवतं? केवढी फुगली होती ती! ओटीच्या भिंतीवर वर नवरानवरीची नावं, खाली गणपती, दोन बाजूंना दोन मोर, आणि मध्ये हळद लावायला निघालेल्या बायका. पेंटर काढतात तशा एकसारख्या बाहुल्या नाहीत. चालीवरून ओळखू येतील अशा आपल्या आळीतल्या बायका. आणि सगळ्यांच्या पुढे, हळदीचं ताट घेतलेली आई. कपाळ मोकळं, जसं आहे तसं.

मी तिला नंतर विचारलं, आजीला पुढे का काढलंस? ती म्हणाली, “हळद कोण वाळवतं? कोण कुटतं? मग ताट कोणाच्या हातात असंल?” ती बारा वर्षांची आहे, दादा. नवरा गेलेल्या बाईने लग्नाच्या हळदीला हात लावायचा नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आईने वर्षभर हळद करायची आणि हळदीच्या दिवशी आत बसायचं, हे आपण सगळे इतके सवयीने करतो की सांगावंसंही वाटत नाही.

मांडवात कोणीतरी म्हणालं, “लग्नाच्या भिंतीवर ही बिनकुंकवाची कोण रं?” लोक हसले. तू चुन्याची बादली आणलीस. हिरू तिथेच उभी होती, हातात ब्रश. तू आधी बायका पुसल्यास, मग मोर. मोरांनी कोणाचं काय केलं होतं? आईच्या तोंडावर हात सगळ्यात शेवटी नेलास, तेही मी पाहिलं. म्हणून तर हे पत्र तुला लिहिते. नाहीतर भांडलेच असते.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, तेव्हा या मुलीला मीच घडवणार असं मला वाटत होतं. नवे रंग आणले, जाड कागद आणले. कलेचं महत्त्व सांगायला लागले तर म्हणाली, “आत्या, शाळेत बोलतेस तसं घरात नको गं बोलू.” शेवटी दर रविवारी कर्जतला रुबिना मॅडमच्या चित्रकलेच्या क्लासला न्यायला लागले. तुला विचारलं नाही. तिथेही ती पेन्सिलीला टोक काढत बसायची. टोक काढून काढून पेन्सिल संपवायची.

गेल्या रविवारी मॅडमनी ‘माझं घर’ काढायला सांगितलं, आणि तिने काढलं. मी दारातून बघत होते. कौलं काढली, एकेक. तुळस, गाय, साईनाथचा टेंपो, त्याच्या आरशाला बांधलेलं लिंबू-मिरचीसुद्धा. आणि ओटीची भिंत कोरी. मॅडम म्हणाल्या, “हिरू, भिंत राहिली की गं.” ती म्हणाली, “राहिली नाय मॅडम. चुना लावलाय.”

मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, कुठे काय काढायचं हे बऱ्याच मुलांना येतं, कुठे काढायचं नाही हे या मुलीला आत्ताच कळतं. हिला थांबू देऊ नका. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

घरी आईने ते चित्र जवळ घेऊन पाहिलं. म्हणाली, “समदी हायेत. मी कुठं हाय गं?”

हिरू म्हणाली, “तू हायस ना आजी. चुन्याच्या आत हायस.”

आई हसली. मग गोठ्यात गेली, आणि कालवडीपाशी बराच वेळ बसून राहिली.

आता तुझं उत्तर. कमलेशला मी हे सगळं सांगितलं. खालापूरहून मुद्दाम आला होता. तो म्हणाला, “भिंत तुमची, मी काय बोलणार? फक्त मला घोड्यावर नको काढू म्हणावं, मला भीती वाटते.” माणूस बरा वाटतो. माझा होकार कळव.

पण पेंटरला सांगू नकोस. माझ्या लग्नाची भिंत हिरू काढेल, आणि हळदीचं ताट आईच्या हातात असेल. चित्रातही, मांडवातही. कोण आहे असं कोणी विचारलं, तर मी सांगेन. तसं नसेल, तर माझं नाव भिंतीवर लिहायचं नाही.

हे हिरूला तू सांगायचं आहेस. माझं सांगणं तिला पुरत नाही. ज्याने पुसलं त्याने ‘काढ’ म्हटल्याशिवाय ती त्या भिंतीला हात लावणार नाही. बोलता आलं नाही तर बोलू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत ये, आणि चुना खरवडायला घे. ती आपोआप शेजारी येऊन उभी राहील.

सुरुवातीला मी लिहिलं की आई मागच्या दारी बसते, तिथं वारा लागतो. दादा, मागच्या दारी वारा कधीच येत नाही. तुला माहीत आहे.

पुढच्या दारी तुझी वाट बघणारी,
श्रद्धा