चारी अंगांनी आग

१५ फेब्रुवारी
पुराणकथांच्या ऑनलाइन वर्गात आज खांडववन. अग्नीला भूक लागली म्हणून कृष्ण-अर्जुनांनी वन जाळू दिलं. नुसतं जाळू दिलं नाही — दोन्ही बाजूंनी रथ फिरवत राहिले, बाहेर पळणारं जे दिसेल ते बाणांनी मारलं. त्यातून वाचलेल्या मयासुराने मग पांडवांची सभा बांधली. लहानपणी ऐकताना मी कायम रथात बसलेली असायचे. आतल्यांचा विचारच केला नव्हता.

१७ फेब्रुवारी
कॅबमधून हिंजवडीचे टॉवर. रोजचेच. आज मात्र वाटत राहिलं, इथे आधी कोण राहत होतं? शेजारी बसलेल्या अपूर्वाला म्हटलं. "अगं, सोमवार आहे. इतकं डीप नको."

२२ फेब्रुवारी
माले गावाच्या वरचा डोंगर पेटला. माझ्या नवऱ्याच्या, शैलेशच्या कंपनीचे बंगल्यांचे प्लॉट तिथेच पडायचेत, साइट तोच बघतो. घरी आला तेव्हा शर्टाला धुराचा वास. "वणवा गं. दरवर्षी लागतो." जेवला नाही.

२३ फेब्रुवारी
वरच्या वाडीतली घरं गेली. बारकू नावाचा माणूस शेळ्या सोडायला आत शिरला, तो भाजला. पुण्याला नेलाय.

२६ फेब्रुवारी
रजा टाकून दवाखान्यात गेले. का, ते कळत नाही. बारकूची बायको तानुबाई जिन्यात बसली होती. मी कोण, ते सांगितलं नाही.
"वणवा दरसाल खालनं येतुया," ती म्हणाली. "ह्यो चारी अंगांनी आला. आमी जायचं कुटं?"
चारी अंगांनी.

२८ फेब्रुवारी
बारकू गेला.

१ मार्च
आज वर्गाला बसले नाही. शैलेशला सरळ विचारलं. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला.
"वरून सांगितलं होतं, डोंगर साफ करा. वाडी रिकामी असेल वाटलं. काडी मी नाही ओढली, माणसं लावली."
मग म्हणाला, "साधना, आपल्यासाठीच करतो ना सगळं?"
खरंय. नेऱ्याच्या या फ्लॅटची फरशी मीच निवडली. अनवाणी चालताना गार लागते, म्हणून.

४ मार्च
काही करावंसं वाटत नाही. गोष्टीत शेवटी कुणीतरी भोगतं, असं मी धरून चालले होते. खांडवात कुणी भोगलं? जाळणाऱ्यांना वर मिळाले! शैलेशला बढती मिळतेय. मी त्याचा डबा भरते, तो भाजी चांगली झाली म्हणतो. ते वर्ग लावले नसते तर मीही 'वणवा' म्हणून मोकळी झाले असते. आता नाही होता येत. आणि ज्याच्याकडे जाऊन रडायचं, तोच हा.

६ मार्च
पौडच्या पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. शैलेशचं नाव सांगितलं.
घरी आले तर त्याने चहा टाकला होता. "दमलीस का गं?" म्हणाला.
त्याला अजून माहीत नाही.