पाखरं राखायला बसवलेला माणूस

पालम तालुका,
संक्रांतीनंतरचा मंगळवार

चि. योगीराज यास ताईचे आशीर्वाद. (रागात आहे, पण आशीर्वाद खरेच आहेत.) तुझ्या वैष्णवीचा खोकला गेला का? अडुळशाचा काढा दे. आमची खुशाली मात्र विचारू नकोस. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. नीट बसून वाच.

दिवाळीत तू तुझ्या दाजींना ते विमानांच्या आधीच्या उडत्या यंत्रांचं पुस्तक दिलंस. साठीच्या माणसाला लोक स्वेटर देतात रे! तेव्हापासून यांना पंख फडफडवणाऱ्या यंत्राशिवाय काही सुचत नाही. ज्वारी हुरड्यात आली म्हणून मी यांना पाखरं राखायला शेतातल्या उंच माळ्यावर बसवलं, हातात गोफण दिली. दुपारी भाकरी घेऊन गेले, तर गोफण खाली पडलेली, वही मांडीवर आणि भोरड्या पंगतीला बसल्यासारख्या कणसांवर. मी डबा बडवला तर माझ्यावरच ओरडले, "आगं, वाजवू नको! पंख कसे मुडपायल्यात ते बघायलोय मी!" निम्मी ज्वारी अशी शिकवणीत गेली. आमचं वर्षाचं खाणं होतं ते, योगीराज.

त्या पुस्तकात म्हणे एका इंग्रज साधूची गोष्ट आहे. हजार वर्षांपूर्वी त्याने अंगाला पंख बांधून मनोऱ्यावरून उडी घेतली, दोन्ही पाय मोडले, आणि दोष कशाला दिला, तर शेपूट लावायचं राहिलं याला. शहाणा माणूस यातून घरी बसायला शिकेल. यांनी शेपूट केलं. आमच्या निकिताच्या लग्नात मी नेसलेल्या हिरव्या साडीचं! पंखांना बांबू आणि छत्रीचं कापड, पायाने मारायला सायकलचं पायडल. पंख पक्के ठेवून पुढे मोटारीचा पंखा लावला तेव्हाच माणसं धड उडाली, हेही त्याच पुस्तकात आहे (भाकरी थापता थापता मीही वाचलंय). तसं म्हटलं तर म्हणाले, "पाखराला कुठं मोटार हाय?"

रविवारी मी देवळात गेलेली बघून हे माळ्यावरून उडाले. खाली तुरीच्या भुसकटाचा ढीग घातला होता. पंख दोनदा हलले, डावा उसवला, आणि स्वारी डावीकडे वळून थेट शेजारच्या दत्तरावांच्या उकिरड्यात. मनगट मोडलं. दत्तराव गावभर सांगत फिरतात, "बरं झालं, शेण वलं व्हतं!" लोक हसतात. पण मी पळत गेले तेव्हा हे डोळे मिटून पडले होते, आणि ते उघडेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. याचा जाब तुला द्यावा लागेल. येऊन ते पुस्तक घेऊन जा, नाहीतर चुलीत घालीन.

तुझी (अजून तरी) ताई,
चतुरा

ता. क. येताना परभणीहून छत्रीचं चांगलं कापड बारा मीटर आण. डावा पंख यांनी टेलरकडून शिवून घेतला होता, कच्ची शिलाई. उजवा माझ्या हातचा. त्याचा एक टाका हलला नाही.

ता. क. दुसरा. यांचं प्लास्टर महिनाभर निघत नाही. यांचं वजन ब्याऐंशी किलो, माझं सेहेचाळीस. दाजींना यातलं काही बोलू नकोस. भुसकट या वेळी दोन्ही बाजूंना पसरायचं आहे, लवकर ये.